अजिंठ्याला निघण्यापूर्वी

कनेरगाव नाक्यावरून सहकुटुंब अजिंठ्याला जाणाऱ्या बंधू-भगिनींनी आधी वार पाहावा. ही लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी रात्री निघून वाशीम, अकोला, जळगाव आणि पुढे ६० किलोमीटर असा प्रवास केला आणि दार बंद दिसले, तर भाडेही गेले व मजुरीही बुडाली.

पुरातत्त्व खात्याचे तिकीट आता मोबाईलवर आगाऊ काढता येते. घरातल्या शिकत्या मुला-मुलींकडून ते काढून घ्यावे. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. फर्दापूर फाट्यापासून लेण्यांपर्यंतच्या ४ किलोमीटरचे बसभाडे मात्र वेगळे पडते.

परदेशातही हीच रीत आहे. इटलीत मिलान येथे लिओनार्दो द व्हिन्सीचे भित्तिचित्र पाहायला आगाऊ तिकीट लागते आणि आत १५ मिनिटेच थांबता येते. कारण गर्दीच्या श्वासातील ओलाव्याने भिंतीवरचे रंग खराब होतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी तर सुमारे दीड हजार वर्षांचा आहे. तेव्हा आत ढकलाढकली करू नये, भिंतीला हात लावू नये. २६व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसाठी वेळ राखून ठेवावा. आपल्या नातवंडांनाही हे सारे पाहायला मिळाले पाहिजे.