सेट ऑफ : काही टिपणे

सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेत परक्यांना सर्वांत जड जाणारी जागा नेमकी दाखवली आहे : क्रियापदामागे लागणारे चिमुकले शब्द. त्याच्या यादीत ‘सेट ऑफ’ आहे आणि अर्थ दिलाय, शोभा वाढवणे. आज हाच शब्द मुलं ‘प्रवासाला निघणे’ म्हणून शिकतात. दोन्ही अर्थ चालू आहेत.

*

‘वी सेट ऑफ ॲट फाइव्ह’ : पाचला निघालो. इथे कर्म नाही. कुठे निघालो ते सांगायचं तर पुढे ‘फॉर’. भूतकाळातही रूप ‘सेट’च.

*

कर्म आलं की अर्थ पालटतो. ‘सेट द अलार्म’ म्हणजे गजर लावणे. ‘सेट द अलार्म ऑफ’ म्हणजे तो वाजायला लावणे. ‘ऑफ’ म्हणजे बंद हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे विद्यार्थी नेमका उलटा अर्थ घेतात. धुराने अलार्म ‘सेट ऑफ’ झाला, तर बाहेर पळायचं!

*

‘सेट ऑफ द अलार्म’ चालतं, ‘सेट द अलार्म ऑफ’ही चालतं. सर्वनाम मात्र मधेच हवं : ‘सेट इट ऑफ’. हा नियम अशा बहुतेक जोडक्रियापदांना लागतो, म्हणून एकदाच नीट घोटून घ्यावा.

*

जॉन्सनचा अर्थ : हिरव्या काठाने साडीचा पिवळा रंग ‘सेट ऑफ’ होतो. आपण म्हणतो, उठून दिसतो.

*

छापखान्यात हा दोष आहे. ओल्या शाईचा डाग वर पडणाऱ्या कागदाच्या पाठीला लागतो, तो सेट ऑफ. तो टाळायला छापील कागदांवर बारीक पावडर फवारतात.

*

हिशेबात तोटा नफ्यातून वळता करणे. प्राप्तिकरात दीर्घकालीन भांडवली तोटा फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच असा वळता होतो.

*

सगळ्यांत मोलाचा अर्थ कोर्टातला. खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 428 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम 468 मध्ये आहे. शिक्षा 3 वर्षांची आणि 14 महिने आधीच आत गेले असतील, तर उरतात 22 महिने. निकालपत्रात ‘सेट ऑफ’चा उल्लेख आहे का आणि दिवस बरोबर मोजलेत का, हे घरच्यांनी वकिलाला जरूर विचारावं.