छत्तीस माणसं, एकशे सात मेंढ्या

"माळ करपला की कोवळी मेंढी गाभण राहत नाही," आमच्या गावचे धनगरबाबा म्हणायचे. पुढे कधीतरी सेंट किल्डा बेटांवरच्या मेंढ्यांबद्दल वाचलं, बाबा आठवले आणि मी थेट स्कॉटलंड गाठलं.

लेव्हरबरोच्या मुक्कामी हीटर नुसता शोभेचा. कुडकुडत पहाट केली. मग अडीच-तीन तास बोट आपटत होती. बोरेरे बेटाच्या कड्यांवरचे प्रसिद्ध गॅनेट पक्षी पाहिले न पाहिले, तोच सेंट किल्डाचं मुख्य बेट हिर्टा आलं.

२९ ऑगस्ट १९३० ला इथली उरलीसुरली ३६ माणसं बेट सोडून गेली. १८५२ मध्येही ३६ जणच ऑस्ट्रेलियाला निघाले होते. वाटाड्या इतिहासाचा दर्दी. म्हणाला, "पाद्र्यांच्या प्रार्थनांनी बेट मारलं." मला पटेना. इथली तान्ही बाळं धनुर्वातानं आठवड्याभरात जायची. ते थांबवलं अँगस फिडीस या पाद्र्यानंच, १८९० च्या दशकात. वाटाड्यानं मुकाट्यानं मेंढ्यांकडे बोट दाखवलं.

काळपट तपकिरी, खुज्या, हरणासारख्या बुजऱ्या. १९३२ मध्ये शेजारच्या सोए बेटावरून १०७ आणून सोडल्या. इथे ना लांडगा, ना खाटीक. १९८५ पासून संशोधक त्यांच्या कानांत बिल्ले अडकवून जन्म-मृत्यू टिपताहेत. चारा मुबलक असला की सात महिन्यांची कोवळी मेंढीही गाभण राहते, वर्षाची होताच विते. गर्दी वाढली की आधी याच मागे पडतात. राहिल्या गाभण तरी कोकरू बहुधा दगावतं. थोराड मेंढ्या मात्र गर्दीतही वीत राहतात. कळप चाऱ्याला भारी होतो, आणि एखाद्या वादळी हिवाळ्यात दोन-तृतीयांशापर्यंत मेंढ्या मरतात. नोव्हेंबरच्या माजात अंगातली चरबी उधळलेले मेंढे तर फारच. वाचतील त्यांना माळ मोकळा.

बाबांनी थोराड मेंढ्यांचं काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या जादा मेंढ्या बाजारात जायच्या. इथे बाजार हिवाळ्यात भरतो.

पडक्या घरांत चुलीच्या जागी शेवटच्या रहिवाशांच्या नावांच्या पाट्या आहेत. एक वाचून पुढे गेलो आणि क्लेटमध्ये वाकून शिरलो. पक्ष्यांचं मांस साठवायची ही दगडी कोठारं. आता मेंढ्यांचा आडोसा. लेंड्यांच्या थरावर एक कवटी होती, बोटभर शिंगांची. शेजारी प्लास्टिकचा बिल्ला. बोटीवरून हाका येत होत्या. मी अंगठ्यानं माती पुसून आकडा वाचत बसलो.