मिठाचा हिशेब

पन्हाळ्यावर वैशाखातही दिवेलागणीला वारा सुटतो. तशाच एका संध्याकाळी दवाखाना आवरत असताना गुरुजींचा फोन आला. "डॉक्टर, जरा येऊन जाशील का? पेशंट बघायचाय." प्राथमिक शाळेत मला बाराखडी शिकवलेले हे गुरुजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. काकूंचे काही बिनसले असेल असे समजून मी रक्तदाबाचे यंत्र घेऊन निघालो. गुरुजींनी मात्र मला माजघरात न नेता बाहेरच्या खोलीतील काचेच्या टाकीपुढे उभे केले.

"हा पेशंट," ते म्हणाले.

ही टाकी त्यांच्या मुलाची. २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकला असताना त्याने दोनशे लिटर खाऱ्या पाण्याचा हा संसार मांडला होता. पुण्यातील एका छंदिष्ट मित्राने आपल्या टाकीत वाढलेल्या लेदर कोरलचा तुकडा त्याला दिला होता. पुढे मुलगा नोकरीसाठी मस्कतला गेला आणि टाकी आई-वडिलांच्या गळ्यात पडली.

प्रवाळ म्हटले की आपल्याला अंगठीतले पोवळे आठवते, नाहीतर वैद्यांची प्रवाळपिष्टी. ते लाल पोवळे आणि हे लेदर कोरल, दोघेही आठ भुजांच्या प्रवाळांच्या एकाच मोठ्या कुळातले. मात्र पोवळ्याचा सांगाडा दगडासारखा कठीण, तर हे अंगाने मांसल, चामड्यासारखे, आकाराने अळंब्याच्या छत्रीसारखे. निरोगी असताना त्या छत्रीवर शेकडो बारीक फुले डोलत असतात. प्रत्येक फूल म्हणजे एक जीव. त्या दिवशी छत्रीवर एकही फूल नव्हते. कडा खाली लोंबत होत्या आणि रंग मातकट झाला होता.

गुरुजींना भीती वाटत होती ती पांढरे पडण्याची. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य झाले. पाणी तापल्याने तेथील प्रवाळ पांढरे पडत असल्याचे त्यांनी कुठेतरी वाचले होते. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि प्रवाळाचा रंगही बहुतांशी त्याचाच असतो. उष्णता असह्य झाली की हे भाडेकरू घर सोडतात आणि प्रवाळ पांढरे पडते. इथे रंग मळला होता, गेला नव्हता. तेव्हा ते निदान बाद झाले.

मी प्रवाळांचा डॉक्टर नव्हे. पण इतिहास विचारणे माझ्या हाडात भिनले आहे. केव्हापासून? तीन आठवडे. त्याआधी काय बदलले? या प्रश्नाला गुरुजींनी बोटे मोडत उत्तर दिले. फुले मिटल्यावर त्यांनी दिवा वाढवला, कोरलची जागा दोनदा बदलली, कुणीतरी सुचवलेले औषध पाण्यात ओतले आणि अशक्तपणा आला असेल म्हणून माशांबरोबर त्याचाही खुराक दुप्पट केला. रोग कळण्यापूर्वीच चार उपचार! तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत घेऊन येणारे रुग्ण मी रोज पाहतो, त्यामुळे मला नवल वाटले नाही.

मस्कतहून मुलगा व्हिडिओवर आला. त्याने सांगितले की लेदर कोरल अधूनमधून असे मिटतेच. त्याच्या अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो आणि साप कात टाकतो तसा तो पापुद्रा, वर साचलेल्या घाणीसकट, गळून पडतो. काही दिवस, फार तर एक-दोन आठवडे, आणि मग फुले परत येतात. त्या काळात त्याला हात न लावणे हाच उपचार. पण इथे तीन आठवडे उलटले होते आणि पापुद्र्याचा मागमूस नव्हता. काळे, लिबलिबीत डाग आहेत का? नव्हते. पाण्याला कुजका वास? नव्हता. मासे कोरलला टोचत नव्हते. तपमान २६ अंश होते. (जाता जाता सांगतो, हाताला जखम असेल तर अशा टाकीत हात घालू नये. माशांच्या टाकीतून होणारा क्षयाच्या जातीचा एक चिवट त्वचारोग आहे. मधुमेह असणाऱ्यांनी तर हातमोजे घालावेतच.)

"पाण्यावर हा पंखा कशाला?" मी विचारले.

"उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून. चैत्रापासून चालू आहे."

"मग पाणी उडत असेल. कमी झाले की काय घालता?"

"मिठाचं पाणी. समुद्राचा प्राणी आहे ना!"

पलीकडे मुलाने कपाळाला हात लावला. वाफ होऊन उडते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याची. गुरुजी रोज तांब्या-तांब्याने मीठ वाढवत होते. घनता मोजायचे साधन फडताळात सापडले. काटा १.०२५ च्या आसपास हवा होता, तो १.०३२ वर होता.

गुरुजी लगबगीने गोड्या पाण्याची बादली उचलू लागले. मी त्यांचा हात धरला. "एकदम नको. पेशींनी खारटपणाशी जुळवून घेतले आहे. झपाट्याने मीठ उतरवले तर त्या फुगतील. रोज थोडे थोडे, आठवडाभर." हे वाक्य वैद्यकीय महाविद्यालयात मी नेमके याच्या उलट बाजूने शिकलो होतो, रक्तातील घटलेले सोडियम भरून काढण्याबद्दल. ते शब्द तोंडातून जात असतानाच ध्यानात आले की या घरात येऊन मला अर्धा तास झाला आणि चहा आलेला नाही.

"काकू कुठे आहेत?"

"पडलीय आत. उन्हानं थकलीय. चार दिवस धड जेवण नाही. परवा मोरीत तोलही गेला."

"मला कळवायचे नाही का?"

"अरे, गेल्या आठवड्यात तूच तपासलंस की. वय झालंय, म्हणालास."

म्हणालो होतो. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीला थायाझाइड गटातील, लघवीवाटे मीठ-पाणी काढणाऱ्या औषधाची जोडही मीच दिली होती. मीठ बंद करा म्हणालो होतो. ऊन वाढल्यावर भरपूर पाणी प्या म्हणालो होतो. तिन्ही गोष्टी गुरुजींनी निष्ठेने पाळल्या होत्या. कोरलसाठी मी दहा प्रश्न विचारले. काकूंसाठी, गेल्या आठवड्यात, एकही नाही.

काकूंनी मला ओळखले, पण वार विचारला तर चुकीचा सांगितला. त्याच रात्री त्यांना कोल्हापूरला नेले. सोडियम १३५ ते १४५ असायला हवे, ते ११७ निघाले. अशा वेळी नातेवाईक म्हणतात, सलाईन लावा आणि लवकर भरून काढा. पण बरेच दिवस खालावलेले सोडियम चोवीस तासांत आठ-दहा अंकांहून अधिक चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेथील डॉक्टरांनी ती गोळी थांबवली, पाणी मोजून दिले आणि दर काही तासांनी रक्त तपासले. पाचव्या दिवशी काकू गडावर परतल्या.

वाचकांनी यावरून आपली गोळी परस्पर बंद करू नये. ते औषध चांगले आहे आणि अनेकांना उत्तम लागू पडते. मात्र वय झालेल्या, विशेषतः किरकोळ अंगाच्या स्त्रियांमध्ये ते सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सोडियम तपासून घ्यावे. आणि घरातील वडीलधारे माणूस अचानक मलूल झाले, जेवेनासे झाले, बोलताना गोंधळू लागले, तोल जाऊ लागला, तर डॉक्टरांपुढे नव्या गोळ्यांची पाकिटे ठेवून विचारावे की यातले काही कारण असेल का? डॉक्टर वयाचे कारण देत असतील तर पुन्हा विचारावे. मला कुणी तसे विचारले असते तर बरे झाले असते.

कोरलला काकूंपेक्षा अधिक काळ लागला. एका कडेला अखेर कूज धरलीच. मुलाच्या सांगण्यावरून गुरुजींनी तेवढा भाग धारदार पात्याने कापून काढला. मृगाचा पाऊस सुरू झाला, पंखा बंद झाला आणि एके दिवशी मधल्या भागात दहा-बारा फुले उमललेली दिसली.

टाकीशेजारी आता शंभर पानी वही असते. पुढून रोजची घनता आणि घातलेले पाणी, मागून काकूंचा रक्तदाब आणि सोडियम. परवा गेलो तेव्हा गुरुजींनी ती मागून उघडून पेन माझ्या हाती दिले आणि पुढच्या तपासणीची तारीख माझ्याकडून लिहून घेतली.