बंड्याचे ऐंशी हजार

पेण,
डिसेंबर 2025

चि. बेबीस अनेक आशीर्वाद,

मार्गशीर्षातल्या त्या गुरुवारी तुझ्याकडे मी गप्प बसलो. चारचौघींत बहिणीला बोलणं आपल्या नानांनाही कधी जमलं नाही. पण परतताना दिवा गाडीत बसल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. लक्ष्मीचा घट मांडलेला, आणि त्याच्यासमोर तू कामाच्या मावशींना म्हणालीस, "सरकार देतंय की दीड हजार, मग पगार कशाला वाढवून हवा?" सगळ्या हसल्या. मावशी खरकटी ताटं उचलून मागच्या दारी गेल्या. (त्यांना हळदीकुंकवाला कोणी पुढे बोलावलं नाही, ते भांडण तुझी वहिनी स्वतंत्रपणे करणार आहे.) वर निघताना मलाच विचारलंस, "दादा, हे असं सरसकट वाटणं न्यायाचं आहे का?"

न्यायाचं नाही, हे मीही म्हणतो. फक्त तू बोट दाखवतेस तिकडे नाही.

महिन्याला दीड हजार देणारी ही लाडकी बहीण योजना कागदावर तरी सरसकट नव्हतीच. वय 21 ते 65, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात आयकर भरणारा नको, सरकारी नोकर नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. पण 2024 ची निवडणूक तोंडावर. तपासायला वेळ कुणाला होता? राखीपौर्णिमेच्या आधी दोन हप्ते खात्यात पडले. चाळण लागली ती मतं पडल्यावर. तुमच्या रोहे तालुक्यातल्याच अदिती तटकरे मंत्री म्हणून 2025 च्या जुलैत म्हणाल्या की, 26 लाखांवर नावं थांबवली. त्यात म्हणे काही हजार बाप्येसुद्धा बहिणी होऊन बसले होते! सरकारी नोकरीतल्या बायकाही सापडल्या. त्यांची बाजू मी घेणार नाही.

पण बेबी, आता आपल्या घरातलं बघ. धाटावच्या कंपनीतल्या तुझ्या बंड्याचं करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आसपास. फेब्रुवारीच्या बजेटात बारा लाखांपर्यंत कर माफ झाला. त्याचे वर्षाचे ऐंशी हजार वाचले. तू पेढे वाटलेस, मीही खाल्ले. मावशींना वर्षाचे मिळतात अठरा हजार. बंड्याला कुणी रेशनकार्ड विचारलं? अंगणवाडीच्या दारात उभं केलं? त्याच्या साहेबांनी म्हटलं का, "सरकारने ऐंशी हजार दिलेत, यंदा इन्क्रिमेंट नाही"? 2019 साली कंपन्यांचा कर 30 टक्क्यांवरून 22 वर आणला, सरकारनेच सांगितलं की वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींवर पाणी सोडलं. तेव्हा तुमच्या आळीत कोणी फुकटेपणाची चर्चा केल्याचं मला आठवत नाही. मला पेन्शनवर महागाई भत्ता वाढतो, त्याचा विषयही कोणी काढत नाही. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेल्या चिंतामणराव देशमुखांचं बालपण ज्या रोह्यात गेलं तिथे राहून तुझा हिशेब इतका कच्चा कसा गं?

आणि "आमच्या कराचे पैसे" हे तर बोलूच नकोस. मावशी मोबाइलचं रिचार्ज मारतात त्यावर 18 टक्के जीएसटी भरतात, तू भरतेस तेवढाच.

माझं म्हणणं एवढंच की, गरिबाला रुपयारुपयाचा दाखला मागायचा आणि खात्यापित्या माणसाची सूट गुपचूप पोचवायची, अन्याय तिथे आहे. बरं, अट तरी कशी? कर्जावर इको घेऊन वडखळ-नागोठणे धावणाऱ्या पोराची आई बाद, कारण दारात चारचाकी. करोनात तुझ्या न्यू जर्सीच्या नणंदेकडे सरकारचे बाराशे डॉलर आले होते, आठवतं? तिथे वर्षाला 75 हजार डॉलरपर्यंत मिळकत असली तर पूर्ण, पुढे दर शंभराला पाच डॉलर कमी. इथे अट मोडली की दीड हजारांवरून थेट शून्य.

इथे पलीकडच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिशपेपर मारणारी एक बाई आहे. पहिल्या पैशांतून तिने चष्मा केला. काच जाड, दांडीला दोरा. म्हणाली, "गुरुजी, आता बोटांच्या फटी दिसतात." नवऱ्याला विचारावं लागलं नाही, हे तिने दोनदा सांगितलं. आपली आई आठव आणि मग बोल.

काळजी मात्र मला वेगळीच आहे. 2100 देऊ म्हणाले होते, त्याचं नाव नाही. उलट मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी या योजनेकडे वळवले. म्हणजे एका गरिबाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात, आणि आपण पंगतीत वरच्या पाटावर बसून दोघांना हावरट म्हणायचं. उद्या तिजोरी आटली की आधी कात्री कुणाला लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता कामाचं. मावशींची योजनेसाठीची ई-केवायसी झाली का? त्यात नवऱ्याचं आधार मागतात, आणि त्यांचे मालक तर कधीच गेले. स्वतःची केवायसी करून मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा आहे. 31 डिसेंबर मुदत. त्या आपणहून तुला सांगणार नाहीत, त्या गुरुवारनंतर तर नाहीच. तूच बरोबर जा. आणि जानेवारीपासून पगार वाढव, दीड हजार धरू नकोस. मुदत आणखी वाढेल असं इथे सगळे म्हणतात, पण माझा भरवसा नाही. सोमवारीच जा.

तुझा,
दादा