मंत्राला लागणारा वेळ

गोष्टीतला जादूगार कांडी फिरवतो आणि राजपुत्राचा पोपट होतो. मध्ये किती वेळ गेला, हे कोणी सांगत नाही. पण कर्णाची कथा आठवून पाहा. ब्रह्मास्त्र त्याच्यापाशी होते; परशुरामाच्या शापामुळे ऐन वेळी ते आठवेना. विद्या असणे निराळे आणि ती वेळेवर ओठांवर येणे निराळे.

हा भेद मला नीट समजावला तो एका अमेरिकन खेळाने. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्यात एक जण सूत्रधार होऊन कथा पुढे नेतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक होतात. आणि यशापयश वीस बाजूंचा फासा ठरवतो. नौपाड्यात, गोखले रोडमागच्या एका गल्लीत, मित्राच्या घरी आम्ही पाच जण रविवारी दुपारी हा खेळ मांडतो. मित्राची आजी चहा ठेवता ठेवता बजावते, “फासे टाकताय खरे, पण पांडवांचं काय झालं ते ध्यानात असू द्या रे!”

माझ्याकडे मांत्रिकाची भूमिका आहे. या खेळात प्रत्येक मंत्रापुढे तो सिद्ध व्हायला लागणारा वेळ छापलेला असतो. २०१४ च्या नियमपुस्तकात लढाईची एक फेरी सुमारे सहा सेकंदांची. अग्निगोळा टाकायला त्या फेरीतली मुख्य कृती खर्ची पडते. घाव अडवणारी मंत्राची ढाल मात्र शत्रूच्या पाळीतही, पापणी लवायच्या आत उभी राहते. उलट एखाद्या वस्तूतली जादू ओळखायला एक मिनिट, मेलेल्याला उठवायला एक तास, आणि एखादी जागा पवित्र करायला तब्बल चोवीस तास!

१९७८ च्या पुस्तकातला नियम याहून कडक होता. फेरी एका मिनिटाची, तिचे सहा-सहा सेकंदांचे दहा भाग. अग्निगोळ्याला तीन भाग, म्हणजे अठरा सेकंद. तेवढ्यात मांत्रिकाला घाव बसला की मंत्र तर फसेच, शिवाय तो त्याच्या स्मरणातूनही पुसला जाई. आमच्या टोळीत यावर वाद झाला. “हा मांत्रिकावर अन्याय आहे,” असे योद्ध्याचे मत. मी मात्र जुन्या नियमाचा आग्रह धरला आणि तोच आम्ही घेतला.

कारण ते अठरा सेकंद माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. मी बोलताना अडखळतो. जगात शंभर माणसांमागे सुमारे एक जण असा असतो, तो आमच्या वर्गात मी. माझा ‘न’ विशेष हट्टी. घोडबंदर रोडवरून रिक्षाने घरी येताना मी ‘नौपाडा’ न म्हणता ‘गोखले रोड’ म्हणतो. स्वतःच्या वस्तीचे नाव असे चुकवून जातो. गंमत अशी, की घंटाळीला देवीच्या आरतीत सर्वांबरोबर म्हणताना एक अक्षर अडत नाही. सुरात आणि समूहात अडखळणे पुष्कळांचे नाहीसे होते, असे तज्ज्ञही सांगतात.

एकट्याने बोलायचे म्हटले, की मधला वेळ सुरू होतो. वाक्य मनात तयार असते, अर्थ स्पष्ट असतो, फक्त शब्द वाटेवर असतो. नेमके तेव्हाच कोणी तरी दयाळूपणाने माझे वाक्य पुरे करते. एका तोंडी परीक्षेत मी ‘नवकथा’ म्हणणार होतो. समोरून ‘नवकविता’ असा शब्द पुरवला गेला आणि पुढचा प्रश्नही आला. हेतू चांगलाच होता. पण घाव तो घावच. माझे उत्तर त्या क्षणी पुसले गेले.

खेळात मात्र या वेळेला प्रतिष्ठा आहे. तो पुस्तकात छापलेला आहे, म्हणून कोणी घड्याळाकडे पाहत नाही आणि माझ्या जागी मंत्रही म्हणत नाही. ‘अन्याय’ म्हणणारा आमचा योद्धा आता न सांगता माझ्यापुढे येऊन उभा राहतो. “तुझं चालू दे,” एवढेच म्हणतो. मांत्रिकाला दुसऱ्याची जीभ नको असते. हवी असते ती थोडी राखण.

वर्गात, परीक्षेत, कट्ट्यावर माझ्यासारखा कोणी भेटला, तर शब्द पुरवू नका. “सावकाश बोल” असेही म्हणू नका. त्याच्या तोंडाकडे नव्हे, डोळ्यांकडे पाहा आणि थांबा. मंत्राला सहा सेकंद लागतात की अठरा, हे पुस्तक सांगेल. तोवर त्याच्यापुढे कोण उभे राहणार, हे भोवती बसलेल्यांनी ठरवायचे असते.

— द्वितीय वर्ष, कला