जवारी आणि ध्वनिवर्धक

वाद्याच्या झिणझिणाटास दोष समजणें सोपें आहे. परंतु तंबोऱ्याचें सारें वैभव त्या झिणझिणाटांतच असतें. मिरजेस घडणाऱ्या तंबोऱ्यांत तार घोडीच्या किंचित् वक्र पृष्ठास निसटता स्पर्श करिते. तिच्याखालचा दोरा केसभर सरकवून नेमक्या जागीं आणला कीं उपस्वर फुलतात, जागा चुकली कीं नाद खरखरतो. या नादाचें शास्त्र रामन यांनीं १९२१ सालीं मांडलें. विद्युत्-गिटारीचा व्हाल्वचा ध्वनिवर्धक याच जातीचा. त्यांत विजेची लहर एका व्हाल्वमधून दुसऱ्यांत इतकी वाढविली जाते कीं तिचीं शिखरें कापलीं जातात, आणि मूळ स्वरांत नवे उपस्वर मिसळतात.

आमच्या घाटंजीच्या घरीं माजघरांत थोरल्या वहिनींचा तंबोरा, आणि माडीवर पुतण्याचा असा ध्वनिवर्धक. एक सुरू झाला कीं दुसरा बंद पडे. “भाऊजी, आतां दोहोंपैकीं एकच कांहीं तरी ठेवा,” असें वहिनी म्हणाल्या, आणि यंत्र विकावें असें वडीलधाऱ्यांचें ठरत आलें. मुलगा दोन दिवस पंक्तीस मुकाट बसला.

आम्ही माडीवर जाऊन पाहिलें. ‘गेन’ शेवटपर्यंत, ‘बास’ व ‘ट्रेबल’ चढे, ‘मिडल’ शून्यावर! एकट्यानें वाजवितांना ही मांडणी भव्य भासते. परंतु साथ आली कीं खालची जागा ड्रम व बास-गिटार घेतात, वरची झांजा घेतात. गिटारीची वाणी जेथें वसते तो मध्यच रिता राहतो. मग ऐकूं येत नाहीं म्हणून मुलें आवाज वाढवितात.

आमच्या सांगण्यावरून त्यानें गेन निम्म्याखालीं आणला, तेव्हां एकत्र छेडलेल्या तारा निरनिराळ्या ऐकूं आल्या. बास उतरविला, तेव्हां खालच्या फडताळांतील भांडीं वाजेनाशीं झालीं. मिडल मध्यावर आला. या बटणांचीं मंडलें परस्परांत गुंतलेलीं असल्यानें एक फिरविलें कीं इतरांचा परिणाम बदलतो. म्हणून एका वेळीं एकच, तेंहि थोडेंच फिरवावें. शिवाय मंद आवाजांत कानास खर्ज कमी भासतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखविलें. यास्तव घरीं जमविलेली मांडणी सभागृहांत पुन्हां तपासावी.

यंत्र घरांत राहिलें. वेळा मात्र वांटून घ्याव्या लागल्या. ज्या घरांत असें वाद्य असेल तेथें वडीलधाऱ्यांनीं बंदी घालण्यापूर्वीं एकदां जवळ बसून ऐकावें, आणि मुलांनींहि कोणास तरी खालच्या खोलींत बसवून, कसें ऐकूं येतें तें विचारावें.