कुसळ

कार्तिक लागला की आमच्या माणदेशातल्या माळाचा रंग फिरायचा. श्रावणात पोपटी असलेलं गवत तांबूस व्हायचं आणि त्याच्या शेंड्यांवर काळ्या केसांचे गुंते लोंबायला लागायचे. एकमेकांत पिळून बसलेली कुसळं. शाळेची वाट त्याच माळातून. घरी पोचेपर्यंत चड्डीच्या काठाला, दप्तराच्या पट्ट्याला ती डझनांनी रुतलेली असायची.

ओट्यावर बसून सगळी वेचायची आणि मगच उंबरा ओलांडायचा, हा आजीचा दंडक. दुसरा दंडक त्याहून कडक: कुसळ आल्या वाटेनं मागं ओढायचं नाही, टोक पुढून बाहेर काढायचं. मागं ओढलं की टोक आतच तुटतं आणि रात्रभर सलतं. तिला कारण विचारलं तर म्हणायची, "त्याला मागं येता येत नाही, बाबा."

वेचलेली कुसळं आम्ही फेकत नसू. तोंडात ओलं करून एक तळहातावर ठेवायचं आणि श्वास रोखून बघायचं. क्षणभर काहीच नाही. मग त्याचा ढोपरात वाकल्यासारखा लांब शेपटा हलायचा आणि घड्याळाच्या काट्यासारखा फिरू लागायचा. तो किडाच आहे, याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं.

आबांना या खेळाचं कौतुक नव्हतं. कोवळेपणी कापलं तर हे गवत जनावरं आवडीनं खातात. पण एकदा कुसळं पिकली की तेच चारणाऱ्याच्या जिवावर येतं. लोकरीतून ती मेंढराच्या कातड्यात शिरायची. संध्याकाळी एकेक मेंढरू मांडीशी धरून आबा बोटांनी लोकर फाकत बसायचे. शिव्या गवताला, हात मात्र मऊ.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण मास्तरांनी शिकवली तेव्हा मला ती पटली नाही. आदल्याच वर्षी माझ्या डोळ्यात कुसळ गेलं होतं आणि आजीनं पदराच्या टोकानं ते काढेपर्यंत मी घर डोक्यावर घेतलं होतं. मुसळ यमकापुरतं आलं असावं. कुसळाला क्षुल्लक समजणारा माणूस माळावर राहत नसणार.

कॉलेजात या गवताचं शास्त्रीय नाव कळलं, हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. कॉन्टॉर्टस म्हणजे पिळवटलेलं. आमच्या किड्याचाही उलगडा झाला. शेपटात जीव नसतो, सगळ्या मेलेल्या पेशी. दवानं भिजल्या की पीळ सुटतो, उन्हानं वाळल्या की पुन्हा बसतो. बी जमिनीवर पडतं, शेपटाचं वाकडं टोक शेजारच्या काडीला अडतं. शेपटाला फिरता येत नाही, म्हणून मग बी फिरतं, गिरमिटासारखं. टोकाशी मागं वळलेले राठ केस असतात. एकदा आत गेलेलं बी वर येत नाही. आमच्याकडे पावसाचा भरवसा नाही, पण थंडीतल्या दवाला आणि दुपारच्या उन्हाला तोटा नाही. रोज थोडं थोडं करत ते मातीत उतरतं. उन्हाळ्यात माळाला वणवा लागला की वरचं सगळं जळतं, पुरलेलं बी वाचतं.

म्हणजे त्याचा रोख आमच्या चड्डीवर कधी नव्हताच. जे ओलं-सुकं, मऊ-सैल सापडेल ती त्याच्या लेखी माती.

पुढं वाचनात हेन्री केटर आला. गुरुत्वाकर्षण मोजण्यासाठी १८१७ साली त्यानं केलेला लंबक पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत असतो. त्याआधी हा लष्करी अधिकारी म्हैसूरच्या मुलखात होता, आणि तिथं त्यानं याच गवताच्या कुसळापासून हवेतला ओलावा मोजायचं यंत्र बनवलं. रॉबर्ट हूकनं तर जंगली ओटच्या कुसळाची हीच करामत १६६५ च्या आपल्या 'मायक्रोग्राफिया'त नोंदवून ठेवली आहे. आमचा खेळ आणि या साहेबांचं यंत्र मुळात एकच. आम्ही थुंकीवर भागवलं, एवढंच.

परवा पुण्याच्या घरात माळ्यावरची ट्रंक उघडली. तळाशी आबांचं घोंगडं होतं. आबांना जाऊन बावीस वर्षं झाली. घोंगडं झटकलं, उन्हात टाकलं, आणि हात फिरवताना बोटाला ओळखीचं टोचलं. एक कुसळ, अख्खं, शेपटासकट. लेकीला हाक मारली. जेवणाच्या टेबलावर ते ठेवून चमच्यानं पाण्याचा थेंब सोडला.

बराच वेळ काही नाही. ती मोबाईलकडे वळणार, इतक्यात शेपटा हलला. फिरता फिरता तो पेल्याला अडला, आणि टोक टेबलक्लॉथच्या विणीत शिरायला लागलं. "अहो बाबा, ते आत चाललंय!" म्हणत तिनं शेपटाला धरून ओढलं.

"मागं नको ओढूस," मी म्हणालो, "खालून काढ."